दिवाळीत थायलंड: सात रात्री, सहा हॉटेलं आणि आईंचे गुडघे

कराडच्या एका दादांनी विचारलंय, थोडक्यात प्रश्न असा. घरातली सहा माणसं, म्हणजे हे दोघं, मुलं 6 आणि 11 वर्षांची, आणि आई-वडील सत्तरीच्या आसपासचे, आईंचे गुडघे दुखतात आणि त्या पूर्ण शाकाहारी. 2026 च्या दिवाळीला, पाडवा घरी करून निघायचं, घर ते घर 9 दिवस. प्लॅन असा बनवलाय: बँकॉक 1 रात्र, पट्टाया 1, फुकेत 1, फी फी बेट 1, क्राबी 1, को सामुई 2. आणि प्रश्न विचारलाय की "यात अजून एखादं बेट बसेल का आणि स्वस्तात कसं होईल?"

दादा, बसेल. बसवायला काय, एसटीत पण अजून चार माणसं बसतातच की. पण तुमचा खरा प्रश्न हा नाहीये असं मला वाटतं. खरा प्रश्न असा आहे की सहा माणसांचं घर, त्यात दोन म्हातारी आणि दोन पोरं, सात रात्रीत किती वेळा उचलून दुसरीकडं ठेवायचं. आणि दुसरा त्याच्याही आधीचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेलाच नाही, तो म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात त्या देशाच्या कुठल्या बाजूचा समुद्र चांगला असतो.

मी सांगलीत गेली 16 वर्षं लोकांच्या सहली आखून देतोय, थायलंडच्या म्हणाल तर शे-सव्वाशे कुटुंबं तरी पाठवली असतील आणि स्वतः सात वेळा जाऊन आलोय. त्यातून जे कळलंय ते सांगतो, पटलं तर घ्या.

आधी पाऊस. थायलंडचा दक्षिणेकडचा भाग म्हणजे एक लांब चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूला समुद्र. पश्चिमेला अंदमान समुद्र, त्यात फुकेत, क्राबी, फी फी, सिमिलान. पूर्वेला थायलंडचं आखात, त्यात को सामुई, को फांगान, को ताओ. आता आपल्या सातारा जिल्ह्याचंच बघा, महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, कारण नैऋत्येकडनं येणारा ढग घाटावरच सगळं ओतून मोकळा होतो. तिकडं पण तोच आपला नैऋत्य मोसमी वारा मे ते ऑक्टोबर पश्चिम बाजूला झोडपतो, तेव्हा सामुई त्या मानानं बरं असतं. पण फरक काय की तिकडं वारा फिरला की उलटं होतं, ऑक्टोबरपासून ईशान्येचा वारा आखातावरनं पाणी उचलतो आणि सामुईवर टाकतो, जसं आपला पाऊस परत गेल्यावर चेन्नईकडं सुरू होतो तसंच. सामुईला वर्षातला सगळ्यात वाईट महिना म्हणजे नोव्हेंबर. आणि तुमच्या दोन रात्री नेमक्या तिथंच.

हे मी पुस्तकातनं सांगत नाही, चूक करून शिकलोय. धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या कुटुंबाला मी नोव्हेंबरात सामुईला पाठवलं, हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून मीच खूश होतो (स्वस्त का मिळतंय हा प्रश्न तेव्हा पडला नाही, वय होतं). तीन दिवसांपैकी दोन दिवस बोटी बंद. परत आल्यावर ते काका रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "जो पाऊस छाटणीनंतर बागेत नको म्हणून आम्ही देव पाण्यात घालतो, तो तू आम्हाला पैसे भरून दाखवलास." अजून सांगतात लग्नाकार्यात, मी असलो की मुद्दाम.

तर नियम साधा आहे. दिवाळी नोव्हेंबरात आली किंवा नाताळ असला की पश्चिम बाजू, म्हणजे फुकेत-क्राबी. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर पूर्व बाजू, सामुई. एकाच सहलीत दोन्ही बाजू घेऊ नका, कारण दोन्हीपैकी एक त्या महिन्यात हमखास मार खाणार, आणि शिवाय क्राबीहून सामुईला जायचं म्हणजे आधी बसनं डोनसाकच्या धक्क्यापर्यंत आणि तिथून फेरीनं दीडेक तास, सगळा दिवस रस्त्यात. सामुईला विमान आहे पण तो विमानतळ खासगी आहे आणि तिकिटं अशी असतात की सहा जणांचा आकडा बघून बाबा तिथंच खाली बसतील.

यात परिस्थितीवर अवलंबून एक गोष्ट आहे ती म्हणजे दिवाळीची तारीख. 2025 ला लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, तेव्हा पश्चिम किनारा अजून ओला असतो, पाऊस दिवसभर नसतो पण लाटा असतात आणि फुकेतच्या किनाऱ्यावर लाल झेंडे लागलेले असतात (लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही, वरनं समुद्र शांत दिसला तरी आतनं ओढ असते). 2026 ला लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे तुमचं नशीब चांगलं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडं हंगाम नुकताच सुरू झालेला असतो, एखादी सर येईल, पण नाताळची गर्दी आणि नाताळचे दर अजून आलेले नसतात. 2027 ला 29 ऑक्टोबर आहे, तेव्हा मी एवढ्या खात्रीनं बोललो नसतो.

आता मुक्काम बदलण्याचा हिशोब. लोक नकाशावर अंतर बघतात आणि म्हणतात फुकेत ते फी फी फेरीनं दोनच तास. बरोबर आहे, पाण्यावर दोनच तास. पण सकाळी उठून सहा जणांच्या बॅगा भरायच्या, आईंच्या गोळ्यांची पिशवी कुठल्या बॅगेत गेली ते शोधायचं, चेकआऊट, धक्क्यापर्यंत गाडी, तिथं तासभर आधी पोचायचं, मग बोट, मग उतरून परत गाडी, आणि हॉटेलवर गेलं की खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही, तोवर लॉबीत पोरं भांडतायत. एक मुक्काम बदलला की अर्धा दिवस गेला असं धरायचं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर पाऊण दिवस. तुमच्या प्लॅनमध्ये सहा हॉटेलं आहेत. म्हणजे तीन-चार दिवस नुसतं सामान हलवण्यात. एवढ्यासाठी थायलंडला कशाला जायचं, घरीच दिवाळीच्या आधी माळा आवरला तरी तेवढाच व्यायाम होतो.

म्हणून मी जागा मोजत नाही, मुक्काम मोजतो. सात रात्रींना तीन हॉटेलं पुष्कळ झाली. बाकीची बेटं तिथूनच दिवसा जाऊन बघून यायची, सामान खोलीतच.

मी तुमच्यासाठी असं करेन. फुकेत 3 रात्री, क्राबी 3, शेवटची 1 बँकॉक. पट्टाया आणि सामुई काढून टाका. पट्टायाचा हट्ट धरू नका, आई-वडील आणि पोरांना घेऊन तिथं संध्याकाळी फिरायला गेलात तर तुम्हीच अर्ध्या रस्त्यातनं परत याल. जाताना मुंबईहून फुकेतला थेट विमान असतं, साधारण पाच तास, ते मिळालं तर तेच घ्या आणि येताना बँकॉकहून मुंबई. जायचं एका गावाला आणि यायचं दुसऱ्या गावाहून असं तिकीट काढलं की उलटं परत यायचा एक दिवस वाचतो, हे बऱ्याच जणांना सुचतच नाही. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. क्राबीहून येणारं विमान कुठं उतरतंय आणि दुसऱ्या दिवशीचं मुंबईचं कुठून सुटतंय ते तिकीट काढायच्या आधी बघा आणि हॉटेल सुटायच्या विमानतळाच्या बाजूला घ्या.

फुकेत म्हटलं की सगळे पातोंगला हॉटेल घेतात कारण जाहिरातीत तेच दिसतं. तुम्ही काटा किंवा कारोन बघा, किनारा तेवढाच चांगला आणि रात्री झोप लागते. फक्त एक, विमानतळ बेटाच्या उत्तर टोकाला आहे आणि हे किनारे दक्षिणेला, तास-सव्वा तास धरा. पहिल्या दिवशी काही ठेवू नका, रात्रभर विमानात जागलेले असाल, तिकडचं घड्याळ आपल्यापुढं दीड तास, त्यामुळं सकाळी सातला उतरलात तरी शरीराला साडेपाचच वाजलेत. दुसऱ्या दिवशी जुनं फुकेत शहर, जुन्या चिनी-पोर्तुगीज धाटणीची रंगीत घरं आहेत ती, आणि संध्याकाळी प्रोमथेप टोकावर सूर्यास्त. तिसऱ्या दिवशी फी फी, पण त्याबद्दल जरा थांबून सांगतो.

फी फीला राहायचा मोह होतो, फोटो बघून कुणालाही होईल. पण फी फी डॉनवर, म्हणजे त्यातल्या वस्तीच्या मोठ्या बेटावर, मोटारी नाहीत, धक्क्यावरनं सामान हातगाडीवर टाकून गल्लीबोळातनं चालत जायचं, आणि मधल्या वस्तीत रात्री उशिरापर्यंत गाणी. लग्न नुकतंच झालेलं जोडपं असेल तर मी स्वतः म्हणतो एक रात्र राहा. तुमच्या आईंना मात्र तिथं राहायला नेऊ नका. सकाळी मोठ्या फेरीनं जाऊन संध्याकाळी या. इथं पण दोन प्रकार, स्पीडबोट आणि मोठी फेरी. स्पीडबोट तासाभरात नेते पण लाट लागली की बूड आपटत नेते, कमरेचा-मानेचा त्रास असलेल्यानं, गरोदर बाईनं त्यात बसायचंच नाही, आणि बाकीच्यांनी पण पुढच्या टोकाला न बसता मागं बसायचं, पोरं पुढं बसायचा हट्ट करतील तो मोडून काढा. उलटीची गोळी बोटीत बसायच्या अर्धा तास आधी, बोट हलायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही.

फी फी ले या शेजारच्या छोट्या बेटावरची माया बे, म्हणजे माया नावाची खाडी, ही ती प्रसिद्ध जागा. गर्दीनं तिथलं प्रवाळ पार मेलं म्हणून 2018 च्या जूनपासून ती बंद ठेवली होती, 2022 च्या जानेवारीत उघडली. आता बोट मागच्या बाजूला लावतात, तिथून चालत यायचं, आणि पोहायला परवानगी नाही, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचं. ऑगस्ट-सप्टेंबर दरवर्षी बंद असते. हे आधीच पोरांना सांगून ठेवा नाहीतर पोहायचे कपडे घालून तिथं रडारड होते. नॅशनल पार्कची फी परदेशी माणसाला 400 बाथ (तिकडचं चलन) आणि लहान मुलांना 200, टूरच्या दरात ती धरलीय की नाही हे विचारा, बहुतेक वेळा धरलेली नसते आणि मग माणूस म्हणतो एजंटनं फसवलं.

आई-वडील त्या दिवशी नाही आले तरी चालेल, हे पण बोलून ठेवा घरात. सहा जणांनी सगळं एकत्रच करायचं हा हट्ट आपल्याकडं फार, आणि त्यातनं सगळ्यांचंच अडतं.

चौथ्या दिवशी फुकेत ते क्राबी. इथं माझी एक युक्ती आहे जी मी सगळ्यांना सांगतो. फेरीनं जाऊ नका, दहा सीटची व्हॅन करा. रस्त्यानं तीनेक तास, फुकेत पुलानं जोडलेलं आहे आणि रस्ता फांग न्गा प्रांतातनंच जातो. तिथं सुराकुल म्हणून धक्का आहे, सामान व्हॅनमध्ये ड्रायव्हरकडं ठेवायचं आणि तिथून लांबट लाकडी बोट घेऊन फांग न्गा उपसागर बघून यायचा. चुनखडीचे ते उभे डोंगर पाण्यातनं सरळ वर आलेले, जेम्स बॉण्ड बेट म्हणतात ते तिथंच, आणि को पान्यी म्हणून खांबांवर उभं असलेलं मुस्लिम कोळ्यांचं गाव. खाडी तिन्ही बाजूंनी जमिनीनं घेरलेली असल्यामुळं पाणी शांत असतं, बोट धक्क्यावरनं पायऱ्यांनी चढता येते, आणि सुरुवात खारफुटीतनं होते, आईंना सगळ्यात जास्त हेच आवडेल याची मला खात्री आहे. म्हणजे मुक्काम बदलायचा दिवस वाया न जाता तोच फिरायचा दिवस झाला.

क्राबीत आओ नांगला राहा. राईलेला राहू नका, राईले सुंदर आहे, प्रश्नच नाही, पण तिथं रस्ता जात नाही, कड्यांमुळं फक्त बोटीनंच जाता येतं. आणि इथं गुडघ्यांचा मुद्दा येतो. 2017 ला मी माझ्या आईला घेऊन गेलो होतो. आओ नांगहून राईले दहा-पंधरा मिनिटं, काही नाही. पण बोट किनाऱ्याला लागत नाही, पाण्यात गुडघाभर चालत जायचं आणि मग त्या लाकडी बोटीच्या काठावर पाय टाकून चढायचं, काठ माझ्या कमरेएवढा, शिडी म्हणजे तीन दांड्यांची, तीही हलणारी. आई पातळ वर धरून पाण्यात उभी, लाट आली की बोट वर जाते आणि शिडी पण, आणि मागं रांगेत वीस माणसं. शेवटी बोटवाल्यानं कुठूनतरी लाल प्लास्टिकचं स्टूल आणलं, ते पाण्यात रोवलं, स्वतः त्यावर हात दाबून धरला आणि आईला खांद्यावर हात ठेवायला लावला. चढली बिचारी. पण नंतरचे दोन तास ती राईलेचं काही बघत नव्हती, परत कसं चढायचं हाच विचार. तेव्हापासून मी बुकिंग घेताना पासपोर्टच्या आधी गुडघे विचारतो.

(त्या बोटींच्या नाकाला रंगीत फिती आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात, बोटीच्या देवीसाठी. आपले कोळी नारळी पौर्णिमेला होडीची पूजा करतात तसंच. आईनं नमस्कार केला त्याला, बोटवाल्यानं पण केला.)

दुसरं, भरती-ओहोटी. आपण घाटावरची माणसं, आपल्या डोक्यात हे येतच नाही, कृष्णेला पाणी वाढतं ते कोयनेतनं सोडल्यावर. पण अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, तुम्ही क्राबीत पोचेपर्यंत ते ओसरत आलेलं असेल. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीत दोन मीटरहून जास्त फरक पडतो. ओहोटी पुरेशी खाली गेली तर क्राबीच्या चार बेटांच्या टूरवर दोन बेटांच्या मधला वाळूचा पट्टा उघडा पडतो, थाले वाक म्हणतात, त्यावरनं चालत जाता येतं, पोरांना जन्मभर लक्षात राहील. पण त्याच ओहोटीला काही किनाऱ्यांवर बोट लांब उभी राहते आणि चिखलातनं चालावं लागतं. त्यामुळं हॉटेलवर पोचलात की त्या आठवड्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मागा आणि बोटीची वेळ त्यावर ठरवा. सहा जण आहात तर लाकडी बोट तुमची तुम्ही पूर्ण घ्या, टूरवाल्याच्या घड्याळावर पळावं लागत नाही, आणि सहा जणांत वाटला की दर फार जास्त पडत नाही.

क्राबीतला तिसरा दिवस रिकामा ठेवा. रिकामा म्हणजे खरंच रिकामा. वारा वाढला आणि आदल्या दिवशीची बोट रद्द झाली तर ती या दिवशी करता येते, नाही झाली तर गरम पाण्याच्या झऱ्यांवर जा, खलोंग थोमला आहेत, आईंचे पाय शेकून निघतील. टायगर केव्ह मंदिराच्या बाराशेहून जास्त पायऱ्या आहेत, ते आई-वडिलांना दाखवायला म्हणून नेऊ नका, खालचं मंदिर बघा फक्त. आणि बोट रद्द झाली तर वाद घालू नका. जुलै 2018 मध्ये फुकेतजवळ वादळी हवेत बोट बुडून 47 पर्यटक गेले होते. रद्द करणारा बोटवाला चांगला समजायचा. याच कारणासाठी शेवटची रात्र बँकॉकला ठेवलीय, परतीच्या विमानाच्या दिवशी कधीही बोटीवर अवलंबून राहायचं नाही.

जेवणाचं. थाई जेवणात माशाचा सॉस असतो, भाजीत पण असतो, नुसतं "व्हेज" म्हटलं तर मांस काढतात आणि सॉस तसाच. शब्द लक्षात ठेवा "जे". पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, आपल्याला ते इंग्रजी 17 आकड्यासारखं दिसतं. जे म्हणजे मांस नाही, अंडं नाही, माशाचा सॉस नाही, आणि कांदा-लसूण पण नाही, म्हणजे आपल्या चातुर्मासापेक्षा कडक. चिनी पद्धतीचा उपवास आहे तो, फुकेतला ऑक्टोबरच्या आसपास नऊ दिवस मोठा उत्सव असतो, बऱ्याच वर्षी आपल्या नवरात्राच्या जवळच येतो. तुम्ही जाल तेव्हा उत्सव संपलेला असेल पण जेची दुकानं असतात. नाही मिळालं तर "माई साई नाम प्ला" म्हणा, म्हणजे माशाचा सॉस घालू नका. काटा आणि आओ नांगला भारतीय हॉटेलं पण आहेत, दर आपल्या मानानं चढे. भडंग आणि मेतकूट घेऊन जा, बोटीच्या दिवशी कामाला येतं.

स्वस्तात कसं, याचं उत्तर वरच आलंय खरं तर. तीन हॉटेलं कमी केलीत म्हणजे तेवढ्या गाड्या, तेवढ्या फेरी, देशातलं एखादं विमान आणि त्याच्या बॅगांचे पैसे वाचले. ते पैसे व्हॅन आणि खासगी बोटीला लावा. एका ठिकाणी पैसे वाचवू नका, प्रवास विमा, आणि त्यात समुद्रावरच्या गोष्टी धरल्यात का ते वाचा. स्कूटर भाड्यानं घेऊ नका, आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघात झाल्यावर विमा हात वर करतो, आणि डिपॉझिट म्हणून पासपोर्ट तर कुणालाच द्यायचा नाही. व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत सारखे बदललेत, तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा बघा. 1 मे 2025 पासून उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाईन आगमन कार्ड भरावं लागतं, ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाईट आहेत त्यांना देऊ नका.

आणि जर कुणाची सुट्टी दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी असेल तर त्यांनी त्रिपुरारी पौर्णिमेच्या आसपासचं बघावं. त्या पौर्णिमेला तिकडं लॉय क्राथोंग असतो, केळीच्या खोडाच्या चकतीवर फुलं, मेणबत्ती, उदबत्ती लावून पाण्यात सोडतात, नदीला माई म्हणून. वाईच्या घाटावर दिवे सोडणाऱ्याला तिथं परकं वाटत नाही.

तुमचं मात्र पाडव्यानंतर लगेच निघायचंय, तर एक शेवटचं. मुंबईला गाडीनं जाणार असाल तर सुट्टीत खंबाटकीत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. रात्रीचं विमान असेल तर आदल्या रात्रीच्या महालक्ष्मीनं जा, कराडला थांबते, सकाळी मुंबईत, आई-वडिलांना दिवसभर टेकायला एखादी खोली घ्या आणि तिथून विमानतळ. रेल्वेचं रिझर्वेशन विमानाच्या तिकिटाबरोबरच करा, दिवाळीत ते आधी संपतं.